तांब्याचे तीन अणू आणि पाच रविवार

ज्या पदार्थानं माझी दोन वर्षं खाल्ली, तो वजनानं दोनशे मिलिग्रॅमही नव्हता. चहाच्या चमच्याच्या टोकावर मावला असता. गडद निळसर हिरव्या रंगाच्या, अभ्रकासारख्या पातळ चकत्या; उजेडात धरलं की कडा चमकायच्या. तो मी केला नव्हता. माझ्या समोरच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीनं केला होता, आणि एकदाच केला होता.

आम्ही दोघं गुलबर्ग्याला संशोधन करत होतो. आता पाटीवर कलबुर्गी आहे, पण बसच्या दारातून ओरडणारे अजून गुलबर्गाच ओरडतात. मी बसवकल्याणचा, ती आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याची. विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सरांशी कन्नड, चहावाल्याशी दखनी, प्रबंधात इंग्रजी. मराठी फक्त काही फुटलं, सांडलं किंवा करपलं की. आमच्याकडे काचेची भांडी पुष्कळ फुटायची, त्यामुळे मराठीही पुष्कळ व्हायची.

विषय होता एकाहून जास्त तांब्याचे अणू असलेल्या संयुगांचं चुंबकत्व. ऐकायला भारदस्त वाटतं, म्हणून लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मी 'केमिस्ट्री' एवढंच सांगून जिलबीकडे वळायचो. खरं तर गोष्ट साधी आहे. मोरचुदात तांबं ज्या अवस्थेत असतं, त्या अवस्थेतल्या प्रत्येक अणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला असतो. त्या एकट्या इलेक्ट्रॉनमुळे तो अणू म्हणजे एक इवलंसं चुंबक असतो. असे दोन-तीन अणू एका रेणूत जवळजवळ बसवले आणि मध्ये ऑक्सिजनचा पूल ठेवला, की ते एकमेकांना न शिवता एकमेकांचा अंदाज घेतात. बहुतेक वेळा एकाचं तोंड वर झालं की दुसऱ्याचं खाली होतं, आणि दोघांचं मिळून चुंबकत्व शून्य. क्वचित सगळ्यांची तोंडं एका दिशेला होतात, आणि मग बेरीज होते. हा कल फार नाजूक असतो. खोलीच्या उष्णतेत अणूंची इतकी धांदल असते की तो दिसतच नाही. पदार्थ द्रव हेलियमच्या थंडीपर्यंत नेला की मग कुठं हळूहळू उघडा पडतो.

यावरून माणसांबद्दल काही सुचत असेल तर सुचू देऊ नये. मला सुचायचं. ते कुणाला बोलून दाखवलं नाही, एवढीच त्या वयातली माझी अक्कल.

आमच्या विभागात द्रव हेलियम नव्हतं. एक जुना तराजू होता. त्याच्या एका पारड्याखाली विद्युतचुंबकाच्या दोन खांबांमध्ये पदार्थाची नळी लोंबकळत सोडायची, वीज चालू करायची आणि वजन किती बदललं ते बघायचं. विजेनं साथ दिली तर दुपारभरात एक आकडा मिळायचा. बाकी मोजमापासाठी नमुना दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या संस्थेकडे पाठवायचा आणि रांगेत थांबायचं. रांग तीन महिन्यांची असायची. तेवढ्यात आमच्याकडे उद्घाटनं व्हायची. प्रयोगशाळेला रंग दिला, उद्घाटन. हात धुवायचं नवं बेसिन आलं, त्याचंही. फीत कापायची कात्री आमच्याच कपाटात असायची आणि विभागातल्या सगळ्या उपकरणांत तीच सगळ्यात जास्त वापरली जायची.

तिच्या त्या चकत्यांचा आलेख संस्थेकडून आला, तेव्हा आम्ही दोघांनी तो आधी उलटा धरलाय असं समजून फिरवून पाहिला. थंडी वाढेल तशी रेघ खाली यायला हवी होती. ती वर चढत होती. म्हणजे तांब्याचे अणू एकमेकांना खात नव्हते. आकड्यांवरून ते तीन होते, आणि तिघांचंही तोंड एकीकडे होतं.

"कागद नीट धर की," ती म्हणाली.

"नीटच धरलाय."

"मग हे असं कामून?"

"तुलाच ठाऊक. तू शिजवलंस."

सरांना आनंद झाला. आमचे सर विद्वान होते; शालींनी त्यांना थोडं जड केलं होतं, एवढंच. पुढच्याच महिन्यात विभागात आंतरराष्ट्रीय परिषद होती. एक पाहुणे नेपाळहून यायचे होते, म्हणून आंतरराष्ट्रीय. सरांनी व्यासपीठावरून तिच्या आलेखाचा उल्लेख 'या मातीतला शोध' असा केला. समई पंख्याच्या वाऱ्यानं तीनदा विझली होती, चौथ्यांदा पंखा बंद करून लावली, आणि मग उकाड्यात पाहुण्यांनी पन्नास मिनिटं भाषण केलं. ती माझ्या शेजारी बसून पुठ्ठ्याच्या फाईलनं वारा घेत होती. "या मातीत फक्त तूर येते," ती कुजबुजली. "माझ्या बापाला विचारा."

परिषद संपल्यावर मात्र सरांनी तिला खोलीत बोलावून सांगितलं, की हेच पुन्हा करून दाखव. एकदाच झालेल्या गोष्टीला शोध म्हणत नाहीत. शिवाय पहिल्या चकत्या इतक्या पातळ होत्या की क्ष-किरणांनी त्यांची रचना उलगडली नव्हती. तीन अणूंना कोणता पूल जोडतो ते कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या खेपेला स्फटिक जरा जाड मिळाले तर तेही कळेल. इतक्या वर्षांत सरांनी सांगितलेल्या गोष्टींत ही सगळ्यात खरी होती.

आणि ते पुन्हा होईना. तिनं सहा वेळा केलं. तेच क्षार, तेच वजन, तोच मद्यार्क, तेवढाच अल्कली. प्रत्येक वेळी तळाशी फिकट हिरवी भुकटी, पावसाळ्यात भिंतीवर धरते तशी. तिच्या वहीत पहिल्या खेपेची नोंद होती: मिश्रण गाळलं, पंचमीच्या सुट्टीला जाताना खिडकीत ठेवलं, अकरा दिवसांनी चकत्या. बस्स.

याच सुमारास तिची सरकारी हायस्कुलात शिक्षिका म्हणून निवड झाली. नेमणूक आळंदला. फेलोशिप संपत आली होती, घरी वडील एकटे होते, आणि आमच्या भागात अशा नोकरीपुढे डॉक्टरेटचा विचार करणाऱ्याला लोक दवाखान्यात नेतील. ती गेली. सरांनी तिच्या नोंदणीची मुदत वर्षअखेरीपर्यंत आहे, पुढे वाढणार नाही, असं सांगितलं. बाकी प्रबंध लिहून तयार होता. अडलं होतं ते फक्त त्या एका प्रकरणापाशी, आणि ते प्रकरण काढलं तर उरलेल्यात डॉक्टरेट देण्यासारखं फारसं नव्हतं.

ती गेल्यावर समोरचं टेबल रिकामं झालं. मी माणूस व्यवस्थित आहे. माझ्या प्रत्येक कुपीवर चिठ्ठी असते, चिठ्ठीवर तारीख असते, बाटल्यांची तोंडं एका रांगेत असतात. ती असताना तिच्या पसाऱ्याची मला चीड होती. ती गेल्यावर मी ते टेबल आवरलं नाही. कुणी आवरायला आलं की 'तिचं काम चालू आहे' असं सांगायचो.

आमचं ठरलं, की तिनं रविवारी यायचं. आठवडाभर मी तयारी करून ठेवायची, रविवारी दोघांनी मिळून प्रयोग लावायचा. ती आळंदहून पहिल्या बसनं निघायची आणि नऊच्या आत पोचायची. पहारेकरी तिला 'अक्का' म्हणून कुलूप काढून द्यायचा आणि मला ओळखपत्र विचारायचा. मी त्याच इमारतीत चार वर्षं काढली होती.

रविवार हा तिचा एकच मोकळा दिवस, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तो दिवस खरा निंबर्ग्याचा होता. वडील तिथं राहायचे, चुलत्यांच्या शेजारच्या घरात. आई लहानपणीच गेलेली. चुलतीकडून रोज भाकरी यायची, पण रविवारी लेकीनं येऊन चूल पेटवायची असा नेम होता. त्यांना दम लागायचा. शेतापर्यंत चालणं बंद झालं होतं, आता ते ओट्यावर बसून तुरीच्या भावावर बोलायचे. हे सगळं तीच सांगायची, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यापुढे सरकवत.

"अप्पा म्हणायलेत, तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत शिजती. तुझं तांबं दोन वर्षं झालं शिजंना, पाणीच वाईट असंल."

"पाणी दोनदा ऊर्ध्वपातित आहे म्हणून सांग."

"सांगितलं. म्हणले, तेच चुकलं. दोनदा उकळलेल्या पाण्यात काय जीव राहतो?"

मी हसलो. उत्तराच्या इतकं जवळ विभागातलं कुणीच गेलेलं नव्हतं, हे तेव्हा मला कळलं नाही.

दुसरा रविवारही भुकटीवर गेला. ती संध्याकाळच्या बसनं परत गेली आणि मी खोलीवर येऊन मोबाइलमधले जुने फोटो बघत बसलो. कशासाठी ते सांगायची गरज नाही. पंचमीच्या आदल्या दिवशीचा एक फोटो होता. मी खिडकीबाहेरच्या पळसाचा म्हणून काढला होता. निदान तसं तिला सांगितलं होतं. पळस कोपऱ्यात कुठंतरी होता. मधे ती होती, अर्धा चेहरा, केसांना पेन खोचलेलं. मी तो चेहरा बोटांनी मोठा करत होतो आणि करता करता चित्र घसरलं. समोर आलं चंचुपात्र. खिडकीत ठेवलेलं. त्याच्या तोंडावर पांढरं फडकं बांधलं होतं, दोऱ्यानं, चार वेढे देऊन. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं.

आम्ही भांड्यांची तोंडं मेणाच्या ताणपट्टीनं बंद करायचो. हवाबंद. तेच शिकवलं होतं, नंतरच्या सगळ्या खेपांना तेच केलं होतं. पण त्या दिवशी पट्टीची गुंडाळी संपली होती, सुट्टी लागली होती, गावाकडची बस चुकत होती, आणि तिच्या हातांनी घरी जे करतात ते केलं. फडकं वडिलांच्या जुन्या धोतराचं होतं. वसतिगृहात लोणचं नेताना बांधायला ते तिला चौकोन फाडून द्यायचे. वहीत तिनं त्याची नोंद केली नाही. बरणीला दादरा बांधला याची नोंद कोण करतं?

मला जागच्या जागी कळलं. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हे सातवीतल्या पोरालाही माहीत असतं. अल्कली मिसळलेलं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. फडक्यातून धूळ गेली नाही, पण अकरा दिवस हवा जात राहिली. त्या हवेचा झाला कार्बोनेट, आणि तो कार्बोनेट तीन तांब्यांच्या मधोमध जाऊन बसला. आम्ही शोधत होतो तो पूल आमच्यापैकी कुणीच घातला नव्हता. तो त्या खोलीतल्या हवेतून आला होता; अप्पा ज्याला जीव म्हणत होते, तो हाच.

तिला लगेच फोन करायला हवा होता. नंबर काढला होता. मग वाटलं, आधी खात्री करावी. चुकलं तर तिला उगीच आशा लागेल. हे कारण चांगलं होतं आणि थोडं खरंही होतं. सोमवारी मी एका लहान चंचुपात्रात मिश्रण लावलं, माझ्या रुमालाचा तुकडा बांधला आणि माझ्या बाजूच्या खिडकीत पुस्तकांमागे ठेवलं. चिठ्ठी लावली, तारीख घातली. सवय.

तिसऱ्या रविवारी ती आली, मी काही बोललो नाही. खात्री व्हायची होती.

चौथ्या रविवारापर्यंत चकत्या धरल्या होत्या. निळसर हिरव्या, पहिल्यापेक्षा जाड. मी त्या शनिवारी गाळल्या, धुतल्या, कुपीत भरल्या, चिठ्ठीवर तारीख लिहिली आणि कुपी माझ्या खणात मागच्या बाजूला ठेवली. रविवारी ती समोर बसून हवाबंद चंचुपात्राला ताणपट्टी लावत होती आणि मी तिला ती पट्टी कापून देत होतो.

मी स्वतःला काय सांगत होतो? मुदतीला अजून वेळ आहे. एक रविवार, मग सांगू. खणातली गोष्ट तिला दिली की तिचं काम संपलं; उरलेलं मी पाठवेन, ती आळंदला बसून प्रकरण लिहील, रविवारी यायचं कारण राहणार नाही. एवढाच हिशेब होता. तिला मी आवडतो की नाही, हे मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला उत्तर नको होतं. मला रविवार हवे होते.

पाचव्या रविवारी दुपारी तिच्या वडिलांचा फोन आला. तिचे हात द्रावणानं भरले होते, म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

"आजबी तिकडंच का गं?"

"व्हय अप्पा. पुढल्या आईतवारी येते."

"मी वरण लावलतो. तुझ्या वाटचंबी लावलतो."

"कुणी सांगितलं लावायला? चूल फुंकत बसलाव का? दम लागतोय न्हवं?"

"लागला तर लागला. तिथं तुझ्याबरोबर कोण हाय?"

"बसवकल्याणचा हाय एक."

"त्याला म्हण, लवकर सोड की पोरीला."

ती हसून म्हणाली, "ऐकलंस का पंडित? लवकर सोड म्हणायलेत." ती मला पंडित म्हणायची, चिठ्ठ्यांमुळे. मी फोन तिच्या कानाजवळून काढला आणि हसलो. कुपी माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती.

सहावा रविवार तसाच. सातव्या रविवारी ती आली, ॲप्रन घातला नाही. स्टुलावर बसली.

"मी आता येत न्हाई," ती म्हणाली. "बास झालं. डॉक्टर न्हाई झाले तर न्हाई. नोकरी हाय. अप्पा एकटे बसतात ओट्यावर, आणि मी इथं भुकटी गाळायले."

"अजून दोन महिने आहेत."

"असू दे. दोन महिन्यांत आठ आईतवार. सगळे ह्यालाच देऊ का?"

तेव्हा मी बोललो. आत्ता सुचल्यासारखं. फोटो दाखवला, तो आधीच मोठा करून, चेहरा बाहेर ढकलून ठेवला होता. ती बघत राहिली. मग तिनं कपाळावर हात मारला आणि इतकी मोठ्यानं हसली की पहारेकरी दारात आला. "दादरा! अगं बाई गं! अप्पांचं धोतर!" तिनं लगेच फोन लावला. "अप्पा, तुमच्या धोतरानं केलंय सगळं!" पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण ती पुन्हा हसली. त्या दिवशी ती दुपारच्याच बसनं गेली, थेट निंबर्ग्याला.

पुढचं सगळं शास्त्राच्या पद्धतीनं झालं. नवं मिश्रण लावलं, फडकं बांधलं, अकरा दिवसांनी स्फटिक. क्ष-किरणांनी रचना उलगडली: मधे कार्बोनेट, त्याचे तीन ऑक्सिजन तीन तांब्यांना धरून. आलेख पुन्हा वर चढला. प्रबंधात लिहिलं गेलं, की 'द्रावण हवेच्या संपर्कात ठेवण्यात आले'. ठेवण्यात आले. कुणी, का, कशानं झाकून, काही नाही. शास्त्रीय गद्याचा हा मोठा सोयीचा गुण आहे. त्यात कुणीच कधी काही करत नाही.

तिचे वडील त्यानंतर महिन्याभरात गेले. बुधवार होता, ती वर्गावर होती. मी निंबर्ग्याला जाऊन आलो. ओट्यावर माणसं बसली होती, मी ज्यांना कधी पाहिलं नव्हतं त्यांचा फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. तिनं मला चुलत्यांसमोर नेलं आणि म्हणाली, "हाच तो. ह्याच्यामुळं झालं माझं." चुलत्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. तेवढा अवघडलेला मी पुढे कधी झालो नाही.

तोंडी परीक्षा शनिवारी झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की द्रावण उघडं ठेवायची कल्पना कशी सुचली. सरांनी उत्तरासाठी आधीच घसा खाकरला होता. तिनं सांगितलं, "सुचली नाही सर. पट्टी संपली होती." सगळे हसले, सरही हसले, आणि मग शाल, हार, फळांची परडी, फोटो. फोटोत तिच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला परीक्षक. मी फोटो काढत होतो.

परीक्षेआधी टेबलावर नमुन्यांच्या कुप्या मांडायच्या होत्या. त्या घ्यायला ती माझ्या खणाकडे गेली होती. मी तेव्हा सभागृहात खुर्च्या लावत होतो. तिला त्या खणात काय दिसलं हे मला संध्याकाळी बसस्थानकावर कळलं. मी तिची फळांची परडी धरून उभा होतो.

"तुझ्या खणात एक कुपी हाय," ती म्हणाली. "चकत्यांची. तारीख हाय वर."

चिठ्ठीवर तारीख घालणाऱ्या माणसाला बोलण्यासारखं काही उरत नाही.

"तुला कवा कळलं?"

"तू दुसऱ्या रविवारी गेलीस, त्या संध्याकाळी."

"आणि सांगितलंस सातव्याला."

"खात्री करायची होती."

"खात्री चौथ्यालाच झाली की. तारीख वाचली मी." तिचा आवाज वर्गात गणित समजावताना असेल तसा होता. "म्हंजे किती झाले?"

"पाच," मी म्हणालो. "तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. आणि सातव्याला आलीस तो."

बसस्थानकावर अफजलपूरची गाडी लागली, माणसं धावली, गाडी भरून गेली. ती बघत होती.

"तुला येवढंच पायजे होतं का?" तिनं विचारलं. "मी समोर बसायचं?"

"हो."

"मग बोलायचं न्हाई व्हय?"

"भीती वाटली."

"मलाबी यायला आवडायचं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. बसमधी मी चटणीचा डबा मांडीवर घेऊन बसायची आणि आज काय भांडायचं ते ठरवायची." मग म्हणाली, "पण ते पाच तुझे नव्हते. अप्पांचे होते. एक मागितला असतास की. दिला असता मी."

मी माफी मागितली. तिनं ती ऐकून घेतली. तिनं परडी माझ्या हातातून घेतली, त्यातली दोन सफरचंदं काढून मला दिली, जशी कुणाही आलेल्या-गेलेल्याला देतात.

मी आता बसवकल्याणच्या पदवी महाविद्यालयात शिकवतो. आमचा शोधनिबंध छापून आला. तिचं नाव पहिलं, माझं दुसरं. तांब्याच्या चुंबकत्वावर बोलताना अजून तो आलेख फळ्यावर काढतो, वर चढणारा. ती आळंदलाच आहे. शाळेत तिच्या नावापुढे आता डॉक्टर लिहितात आणि तिला ते आवडत नाही, असं तिच्या एका सहकाऱ्यानं मला सांगितलं. मी तिला फोन केलेला नाही. फोन करायला कारण शोधणं मला अवघड नाही, मी कारणं फार चांगली शोधतो, आणि म्हणूनच केलेला नाही.

पण ती संध्याकाळ अजून संपलेली नाही. आळंदमार्गे निंबर्ग्याला जाणारी बस आली. बायकांना तिकीट फुकट असलं तरी कंडक्टर गाव विचारतोच. तो दारातच उभा राहून विचारत होता. परीक्षा असो, सुट्टी असो, काही आनंदाचं घडलं की ती आधी गावाकडे, अप्पांकडे जायची, हे मला माहीत होतं. त्या दिवशी ती डॉक्टर झाली होती. ती पायरीवर चढली, परडी कमरेला टेकवली, आणि कंडक्टरनं विचारल्यावर जरा थांबली.

"आळंद," ती म्हणाली.